हळदीवरचा पेपर परीक्षणाला आला, तर

सांगली-साताऱ्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकवणाऱ्याला परीक्षणाचं, म्हणजे दुसऱ्याचा संशोधन-पेपर छापण्याआधी तपासून देण्याचं, पहिलं पत्र बहुधा इथल्या पिकामुळेच येतं. हळदीवर किंवा द्राक्षावर त्याचा एखादा पेपर असतो आणि संपादकाला त्याच विषयातला जाणकार हवा असतो. पेपर उघडला की हात आधी भाषेच्या चुकांकडे आणि संदर्भयादीकडे जातो. तो आवरावा. भाषा संपादक सुधारून घेतो. लेखकांनी नेमकं काय मोजलं, किती वेळा मोजलं आणि कशाशी ताडून पाहिलं, हे मात्र परीक्षकानेच बघायचं असतं.

होकार कळवण्याआधी लेखकांची नावं नीट वाचा. या भागातली बहुतेक कॉलेजं शिवाजी विद्यापीठाच्या छायेत वाढली, त्यामुळे लेखक तुमच्याच गाइडचा विद्यार्थी किंवा जुना सहलेखक निघू शकतो. तसं असेल तर संपादकाला एका ओळीत कळवून नकार द्यावा. पेपर अजून छापलेला नाही, तो लेखकांचा खासगी दस्तऐवज आहे. तो व्हॉट्सअॅपवर फिरवू नये, एआयच्या साधनात टाकू नये. पीएचडीच्या विद्यार्थ्याची मदत घ्यायची असेल तर आधी संपादकाची परवानगी घ्यावी आणि अहवालात त्याचं नाव कळवावं. पहिल्या परीक्षणाला सात-आठ तास धरा, तेही दोन बैठकांत. एका बैठकीत सगळं उरकलं की शेवटच्या आकृत्या नुसत्या चाळल्या जातात, आणि गडबड बऱ्याचदा तिथेच असते.

वाचायचं कुठून

सारांश वाचा आणि लेखकांचा दावा तुमच्या शब्दांत एका वाक्यात वहीत लिहा. ते वाक्य जमत नसेल तर दावाच धूसर आहे, आणि हीच पहिली नोंद. मग प्रस्तावना आणि चर्चा दोन्ही सोडून थेट आकृत्या व कार्यपद्धती घ्या. चर्चा आधी वाचली की लेखकांचा चष्मा आपल्या डोळ्यावर चढतो आणि आकृतीत नसलेलंही दिसायला लागतं. प्रत्येक आकृतीपुढे तीन गोष्टी लिहा: काय मोजलं, ‘एन’ (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) किती आणि कशाचा, तुलना कशाशी. तिसरी गोष्ट कोरी राहिली तर त्या आकृतीवर काहीच उभं राहत नाही.

‘एन’ कशाचा?

समजा, तासगाव भागातल्या द्राक्षबागेत डाऊनी (केवडा) रोगावर एका जिवाणूची फवारणी तपासली आहे. बागेचे आठ तुकडे केले, चारांवर जिवाणू फवारला, चारांवर नुसतं पाणी. प्रत्येक तुकड्यात ३० वेल. पेपरात लिहिलंय, प्रत्येक गटात ‘एन’ = १२०, ‘पी’ (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००१ पेक्षा कमी. पण फवारणी वेलागणिक झाली नाही, तुकड्यागणिक झाली. एका तुकड्यातले तीसही वेल एकाच टाकीतलं द्रावण घेतात, एकाच ड्रिपवर असतात, त्यांच्यावर दव सारखंच साचतं. म्हणून प्रत्येक गटाचा खरा ‘एन’ चार आहे. ३० वेलांची सरासरी काढून तुकड्याला एकच आकडा द्यायचा आणि चार आकड्यांची चाराशी तुलना करायची. तसं केल्यावर निष्कर्ष टिकतो का, हे लेखकांनी दाखवायला हवं. तुकड्यांनुसार कच्चे आकडे मागा.

हीच चूक प्रयोगशाळेत दुसऱ्या वेषात येते. एका प्लेटमधल्या तीन खळग्यांना ‘तीन वेळा केलेला प्रयोग’ म्हणतात. त्या तीन खळग्यांवरून पिपेट किती अचूक चालला एवढंच कळतं. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्याने वाढवलेल्या पिढीच्या) पेशी घेऊन तीनदा केलं तरच ‘एन’ तीन. उंदरांच्या प्रयोगात एका वेताची पिल्लं किंवा एका पिंजऱ्यातले उंदीर यांचंही तेच. कार्यपद्धतीत ‘तिहेरी’ एवढाच शब्द असेल तर थेट विचारा: तिहेरी खळगे की तिहेरी प्रयोग?

बागेच्या पेपरात आणखी काही गोष्टी बघाव्यात. नुसतं पाणी फवारलेल्या तुकड्यांत रोग किती आला? तिथेच पानांवर दोन-तीन टक्के डाग असतील तर त्या हंगामात रोगच नव्हता, आणि औषध चाललं की नाही हे त्या प्रयोगातून कळूच शकत नाही. शेतकरी आज वापरतो त्या बुरशीनाशकाचा गट तुलनेला आहे का? ब्लोअरचा फवारा वाऱ्यावर शेजारच्या ओळीत जातो, म्हणून दोन तुकड्यांच्या सीमेवरच्या ओळी सोडून मोजणी केली का? तुकड्यांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, की ‘सोयीप्रमाणे’? सोय बघितली की उताराच्या खालचा, ओल धरणारा भाग नेमका एकाच गटात जातो. डागांची टक्केवारी देणाऱ्याला कुठल्या तुकड्यावर काय फवारलंय हे माहीत होतं का? डोळ्यांनी दिलेल्या टक्केवारीत अपेक्षा सहज मिसळते, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी. आणि हंगाम एकच असेल तर दावा त्या हंगामापुरताच. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबलेलं वर्ष आणि कोरडं वर्ष यांत डाऊनीचं गणितच वेगळं असतं. उसाच्या वाणाच्या पेपरात याच कारणाने लागणीबरोबर खोडव्याचे आकडे मागावेत.

हळदीचा पिवळेपणा

कर्क्युमिनवरचे (हळदीतल्या पिवळ्या द्रव्यावरचे) पेपर भरपूर येतात आणि त्यांत ठरावीक खड्डे आहेत. पहिला खड्डा नमुन्याचा. ‘सांगलीच्या बाजारातून हळद आणली’ एवढ्यावर भागत नाही. राजापुरी की सेलम, कच्चा कंद की उकडून वाळवलेली, आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) कर्क्युमिन आणि त्याची भावंडं, डीमेथॉक्सीकर्क्युमिन व बिसडीमेथॉक्सीकर्क्युमिन, किती निघालं, हे हवं. विकत घेतलेल्या ‘कर्क्युमिन’मध्येही बहुधा हे तिन्ही असतात. पावडर असेल तर लेड क्रोमेटची (शिशाच्या पिवळ्या रंगाची) भेसळ तपासली का, हेही विचारा. शिसं स्वतःच पेशी मारतं.

दुसरा खड्डा रंगाचा. कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि स्वतः हिरवट चमकतं. पेशीतला ऑक्सिडेटिव्ह ताण मोजायचा डीसीएफचा रंगही हिरव्यातच वाचतात. मग यंत्राने वाचलं काय, ताण की हळद? उत्तर एकाच कंट्रोलमधून (तुलनेच्या नमुन्यातून) मिळतं: डीसीएफ न घातलेल्या, फक्त कर्क्युमिन दिलेल्या पेशी. पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून सांगणाऱ्या एमटीटी चाचणीत वेगळी अडचण आहे. कर्क्युमिन पेशींविनाही एमटीटीचं क्षपण करून तोच रंग आणू शकतं, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत भासतात. पेशी नसलेल्या खळग्यात माध्यम, कर्क्युमिन आणि एमटीटी घालून किती रंग येतो ते दाखवायला सांगा. शिवाय मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूने पेशी मोजायला सांगा.

तिसरा खड्डा मात्रेचा, आणि तो कॅल्क्युलेटरवर पकडता येतो. कर्क्युमिनचा रेणुभार ३६८. म्हणजे शुद्ध कर्क्युमिन मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम दिलं तर ते सुमारे १३६ मायक्रोमोलर झालं. माणसाने ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने घेतल्यावर रक्तात दोन मायक्रोमोलरच्याही खालची पातळी नोंदली गेली आहे. १३६ मायक्रोमोलरला पेशी मेल्या म्हणून ‘कर्करोगावर उपचार’ असा शेवट केला असेल तर ते वाक्य काढायला लावा. डीएमएसओचाही (कर्क्युमिन ज्यात विरघळवतात त्या द्रावकाचाही) हिशेब करा. साठ्याचं द्रावण १० मिलिमोलर असेल आणि पेशींना १०० मायक्रोमोलर दिलं असेल, तर द्रावण शंभरपट पातळ झालं, म्हणजे माध्यमात एक टक्का डीएमएसओ गेलं. तेवढं अनेक पेशींना सोसत नाही. कंट्रोलमध्येही नेमकं तेवढंच डीएमएसओ होतं का? शिवाय पीएच ७.२ च्या, सीरम नसलेल्या बफरमध्ये ३७ अंशांना अर्ध्या तासात बहुतेक कर्क्युमिन मोडतं. ४८ तासांच्या प्रयोगात पेशींनी कर्क्युमिन पाहिलं की त्याचे तुकडे, हा प्रश्न आडमुठेपणाचा नाही.

आकड्यांची झडती

बार आलेखावरच्या रेघा एसडीच्या (आकड्यांच्या पसाऱ्याच्या) की एसईच्या (सरासरीच्या अनिश्चिततेच्या), हे तळटीपेत शोधा. एसईला ‘एन’च्या वर्गमुळाने गुणलं की एसडी मिळतो. वेलामागे उत्पादन १२ किलो, एसई ०.४, ‘एन’ ३६ असेल तर एसडी २.४ किलो. रेघ आखूड दिसते, पण वेला-वेलातला फरक चांगलाच मोठा आहे.

चवीच्या गुणांसारखे पूर्णांकातले आकडे असतील तर एक झटपट तपासणी करता येते. बेदाण्याला १५ जणांनी १ ते ९ पैकी गुण दिले आणि सरासरी ७.२५ छापली आहे. बेरीज १०८ असेल तर सरासरी ७.२०, १०९ असेल तर ७.२७. ७.२५ येऊच शकत नाही. लगेच लबाडीचा आरोप करू नये. एखाद्याने गुणच दिले नसतील, टंकनाची चूक असेल. आकडा दाखवून खुलासा मागावा.

वीस गुणधर्म मोजून एकाचा ‘पी’ ०.०४ आला असेल तर बाकीच्या एकोणिसांचं काय झालं ते विचारा. वीस स्वतंत्र चाचण्यांत खरा फरक कुठेच नसतानाही किमान एक ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. माणसांवरची चाचणी असेल तर सीटीआरआयच्या (अशा चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पाहा. नोंदणी पहिला रुग्ण घेण्याच्या आधीची आहे का, आणि तिथे लिहिलेलं मुख्य मोजमापच पेपरात मुख्य म्हणून आलंय का? या जागी पुष्कळ पेपर घसरतात.

वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीची) चित्रं ४०० टक्के मोठी करून, उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट खालीवर करून बघा. तोच पट्टा उलटा करून दुसरीकडे चिकटवलाय का, दोन पट्ट्यांमध्ये उभी कडा दिसते का? पेपरांतल्या चित्रांची गडबड शोधणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपरांची चित्रं तपासली, तेव्हा ३.८ टक्क्यांत आक्षेपार्ह पुनरावृत्ती सापडली होती. शंका आली तर ती फक्त संपादकाला कळवावी, मूळ न कापलेले ब्लॉट मागावेत.

कासच्या पठारावरून नवी वनस्पती सापडल्याचा पेपर असेल तर वरचं फारसं लागत नाही. तिथे होलोटाइप (नाव ज्यावर आधारलं तो मूळ नमुना) कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवला हे स्पष्ट हवं, नाहीतर नावच वैध ठरत नाही. फुलाबरोबर फळ-बी पाहिलं का, आणि जवळच्या जातीचे मूळ नमुने ताडले का, हे विचारावं. कमी मातीच्या कातळावर तीच जात खुजी वाढते, आणि एकाच पावसाळ्यातल्या चार रोपांवरून नवी जात उभी राहू नये.

अहवाल

पहिल्या परिच्छेदात पेपर काय म्हणतो ते तीन-चार वाक्यांत आणि त्यातलं चांगलं काय ते खरेपणाने लिहा. मग मुख्य आक्षेप, क्रमांक घालून, पान आणि ओळ देऊन. ‘सांख्यिकी कमकुवत आहे’ या वाक्याने लेखकाला काहीच करता येत नाही. असं लिहा: “आकृती ३ मध्ये ‘एन’ १२० दिला आहे, फवारणी तुकड्यागणिक असल्याने विश्लेषण प्रत्येक गटातल्या चार तुकड्यांच्या सरासरींवर करावं आणि तुकड्यांचे आकडे पुरवणीत द्यावेत.” प्रत्येक आक्षेपापुढे ठरवा: नवा प्रयोग हवा, जुन्याच आकड्यांचं नवं विश्लेषण पुरेल, की फक्त दावा खाली आणला तरी चालेल? नवा प्रयोग म्हणजे लेखकाचा एक हंगाम आणि पैसा. त्याशिवाय मुख्य दावा कोसळत असेल तरच तो मागावा. स्वतःचे पेपर संदर्भयादीत घालायला सांगू नये. संपादकाच्या खासगी रकान्यात ‘नाकारा’ आणि लेखकांना नुसती स्तुती, असंही करू नये.

पेपर दुरुस्त होऊन परत आला की उत्तराचं पत्र एकीकडे आणि नव्या आकृत्या दुसरीकडे ठेवून एकेक आक्षेप जुळवा. पत्रात ‘बदल केला आहे’ असतं, आकृती जुनीच असते. ‘एन’ पुन्हा मोजा. पहिल्या मसुद्यात २४ उंदीर होते आणि आता २१ असतील, तर ते तीन कुठे गेले हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.