थर्मल पेस्ट बदलताय? आधी कूलर काढायला शिका

'खट्' असा बारीक आवाज झाला आणि त्याला थंड ठेवणाऱ्या कूलरबरोबर प्रोसेसरही वर आला. मामेभावाचा संगणक होता, एएम४ सॉकेटचा. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा; एएमडीच्या या एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्याच बुडाला असतात. सॉकेटचा दांडा बंदच होता, तरी प्रोसेसर वाळलेल्या पेस्टच्या जोरावर कूलरच्या बुडाला चिकटून माझ्या हातात आला. उलटा करून ट्यूबलाइटखाली तिरका धरला तेव्हा कडेच्या रांगेतल्या सात पिना वाकलेल्या दिसल्या. १३३१ पिनांपैकी सात. शिशाची काडी काढून टाकलेल्या ०.७ च्या यांत्रिक पेन्सिलचं टोक एकेका पिनेवर चढवून ती सरळ करत बसलो, त्यात अख्खी दुपार गेली. संगणक चालू झाला, पण त्या दुपारी माझ्या हाताला सुटलेला घाम मला अजून आठवतो.

थर्मल पेस्टचा विषय निघाला की सगळी चर्चा 'किती लावायची' यावरच होते. ठिपका की रेघ की फुली, यावर लोक तावातावाने भांडतात. माझा अनुभव वेगळा आहे. प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी फारसं बिघडत नाही. घोळ होतो तो जुना कूलर उपसताना, पुसताना आणि नवा कूलर आवळताना.

पेस्ट मुळात कशासाठी लागते ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उमगतं. प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि कूलरचं बूड डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर बारीक खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत हवेचा आकडा ०.०२६ (वॅट प्रति मीटर केल्विन), बऱ्यापैकी पेस्टचा ५ ते १०, आणि तांब्याचा जवळपास ४००. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली, पण तांब्यापुढे अगदीच कच्ची. तिने फक्त खळगे भरायचे असतात. जिथे धातू धातूला टेकू शकतो तिथे तिचा जाड थर नको. म्हणून कूलरचा दाब इतका महत्त्वाचा.

आता काढण्याबद्दल. संगणक बंद करून लगेच कूलर उपसायचा नाही. आधी दहा मिनिटं एखादा जड गेम किंवा सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा चाचणीचा प्रोग्रॅम) चालवा, म्हणजे पेस्ट कोमट होऊन मऊ पडेल. मग संगणक बंद करा, भिंतीतला प्लग काढा, पंख्याची वायर सोडवा, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे सैल करा. त्यानंतर कूलर वर ओढू नका, हलक्या हाताने डावी-उजवीकडे पिळा. बरणीचं घट्ट झाकण उघडताना आपण पिळतो, तसंच. पकड सुटल्याचं हाताला कळतं, मगच उचला. संगणक चालूच होत नसेल तर हेअर ड्रायरने कूलरच्या बुडाजवळ दोन-तीन मिनिटं ऊब द्या. आणि प्रोसेसर चिकटून आलाच, तर मध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह टाळा. ऊब द्यायची आणि प्रोसेसर कडांनी धरून सरळ रेषेत सरकवायचा, पिनांना बोट लागू द्यायचं नाही.

इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ सॉकेट आणलं, तेव्हापासून त्यांच्या डेस्कटॉपमध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात. एएमडीनेही २०२२ मध्ये एएम५ पासून तेच केलं. तिथे प्रोसेसर चौकटीत दाबलेला असल्यामुळे असा उपटून येत नाही. पण तिथली काळजी वेगळी. सॉकेटच्या पिना केसासारख्या नाजूक असतात, आणि त्यांत पेस्ट सांडली म्हणून कापडाने पुसायला गेलात तर धागा अडकून पिना वाकतात. तिथे कापड लावूच नका. पेस्ट वीज न वाहणारी असेल तर थोडासा डाग बहुतेक वेळा त्रास देत नाही. जास्त सांडली असेल तर ज्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे अशा मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

साफसफाईसाठी आयसोप्रोपाइल अल्कोहोल घ्या, ९० टक्क्यांच्या वर, ९९ मिळालं तर उत्तम. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात 'आयपीए' म्हणून मागा, देतात. हँड सॅनिटायझर नको. त्यात पाणी, ग्लिसरीन, सुगंध असतं आणि पुसल्यावर चिकट थर मागे राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक खातं. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट घेणार असाल तर बाटलीवरचे घटक वाचा, काहींत तेलकट पदार्थ मिसळलेले असतात. तेलाची झिलई राहिली तर नवी पेस्ट नीट बसत नाही.

आधी कोरड्या टिश्यूने जाड थर उचलून घ्या. मग चष्मा पुसायच्या कापडाचा कोपरा अल्कोहोलने ओलसर करा आणि कडेकडून मध्याकडे पुसत या. मध्याकडून बाहेर पुसलं की सगळा लगदा कडेला जाऊन खाली उतरतो. प्रोसेसरवर थेंब ओतू नका. एएम४ असेल तर प्रोसेसर सॉकेटमध्येच दांडा लावून ठेवा आणि तिथेच पुसा, हातात घेऊन पुसताना पिना कुठेतरी टेकतातच. कूलरचं बूडही तितक्याच मनापासून पुसा. अनेकजण प्रोसेसर लखलखीत करतात आणि कूलरवरचा जुना करडा थर तसाच ठेवून त्यावर नवी पेस्ट चढवतात. पुसलेल्या जागी बोट लावू नका, आणि दोन-तीन मिनिटं वाळू द्या.

प्रमाणाचं थोडक्यात सांगतो. साधारण चौकोनी प्रोसेसरला मधोमध तुरीच्या अख्ख्या दाण्याएवढा ठिपका पुरे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटच्या प्रोसेसरसारख्या लांबट झाकणाला मधोमध उभी रेघ. जास्त झाली तर दाबाने बाहेर येते, घाण होते, तापमानात फारसा फरक पडत नाही. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात आणि त्याची शिक्षा लगेच दिसते. म्हणून शंका असेल तर किंचित जास्तच. हा सल्ला वीज न वाहणाऱ्या पेस्टसाठी आहे. 'लिक्विड मेटल' हा गॅलियमचा मिश्रधातू वीज वाहतो आणि ॲल्युमिनियम पोखरतो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. थर्मल पेस्टऐवजी टूथपेस्ट लावण्याचंही तेच. पहिले काही तास आकडे बरे दिसतात, मग पाणी उडून जातं आणि खडू उरतो.

नवा कूलर बसवताना बुडावर संरक्षक प्लास्टिकची पातळ फिल्म असते, ती काढा. माझ्याकडे आलेल्या संगणकांत ही फिल्म दोनदा तशीच सापडली आहे, आणि दोन्ही मालकांनी आधी तीन-तीन वेळा पेस्ट बदलली होती. कूलर सरळ खाली ठेवा, टेकल्यावर पुन्हा उचलू नका. उचलला तर पेस्टमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात, मग पुसून नव्याने लावलेलीच बरी. स्क्रू एकामागून एक पूर्ण आवळू नका. फुलीच्या क्रमाने, प्रत्येकाला दोन-दोन वेढे देत जा. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर येणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्या तिरप्या जोडीने दाबायच्या आणि प्रत्येकीचा 'टक्' ऐकायचा. मग बोर्ड उलटा करून चारही पाय आरपार आलेत का ते बघा. तीन लागल्या आणि एक अर्धवट राहिली, हा दोष मला सगळ्यांत जास्त वेळा आढळला आहे.

चालू केल्यावर काय दिसतं त्यावरून चूक ओळखता येते. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) गेल्याबरोबर, काही सेकंदांत आकडा ९० च्या पुढे पळाला तर कूलर टेकलेलाच नाही, फिल्म राहिली आहे किंवा लिक्विड कूलरचा पंप बंद आहे. लगेच बंद करा. एरवी ठीक, पण काम टाकताच क्षणात उडी मारून १०० ला टेकत असेल तर दाब किंवा पेस्टचा पसारा तपासा. आणि पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत असेल तर पेस्टला हात लावू नका. तिथे दोष धुळीचा, पंख्याचा किंवा कॅबिनेटमध्ये कोंडलेल्या हवेचा असतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जावेत, अशीच त्यांची रचना आहे. तो आकडा पाहून कूलर उपसू नका.

लॅपटॉपमध्ये चिपवर झाकण नसतं, म्हणून तिथे पेस्ट पसरवून पूर्ण चिप झाकावी लागते. स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतील तर आवळताना तो क्रम पाळा, सोडवताना उलटा. शेजारच्या चिपांवरचे मऊ पॅड फाटले तर त्याच जाडीचे आणा. जाड पॅड बसवला की हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) वर उचलला जातो आणि प्रोसेसरवरचा दाबच जातो.

मी नागपूरला राहतो. डिसेंबरात माझी खोली २२ अंशांवर असते, मे महिन्यात खोलीतला हवेचा कूलर चालू नसेल तर ३८ वर. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं, त्यामुळे उन्हाळ्यात आकडा पंधरा अंशांनी वाढला म्हणजे पेस्ट वाळली असं नाही. दरवर्षी एप्रिल संपता संपता लोक घाबरून चांगली चाललेली पेस्ट काढतात आणि त्या गडबडीत पिना वाकवतात. म्हणून मी पेस्ट लावली की कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवतो. तारीख, पेस्टचं नाव, खोलीचं तापमान, आणि दहा मिनिटं सिनेबेंच चालवल्यावरचा आकडा. पुढच्या वेळी दोन्ही आकड्यांमधला फरक तेवढाच असेल तर कूलर आहे तिथेच राहू देतो.