संपादनाचं सॉफ्टवेअर घ्यावं का? आधी स्वतःची दहा पानं तपासून पाहा

सांगलीत मी मुद्रितशोधनाचं आणि संपादनाचं काम करते. दिवाळी अंकांचा मजकूर, कवितासंग्रह, निवृत्त शिक्षकांची आत्मचरित्रं माझ्याकडे येतात, आणि अलीकडे तासगाव, पलूस, आटपाडीकडच्या तरुण लेखकांच्या कादंबऱ्याही. बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, एखादं सॉफ्टवेअर घेतलं तर चालेल का?" चालेल. पण त्याच्यावर कोणतं काम सोपवायचं आणि कोणतं नाही, हे पैसे भरण्याआधी ठरवा. ते कसं ठरवायचं, ते सांगते.

सुरुवात मजकुरापासून करा. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आहे का? युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते. असल्या मजकुराची शुद्धलेखन तपासणी नेहमीचं सॉफ्टवेअर करू शकत नाही. तपासायला एक परिच्छेद कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर ठीक. अगम्य चिन्हं उमटली तर आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलताना जोडाक्षरं तुटतात म्हणून तो पुन्हा एकदा वाचा.

आता ज्यांची जाहिरात सारखी डोळ्यांपुढे येते त्या ग्रामरली, प्रोरायटिंगएडसारख्या साधनांबद्दल. ती इंग्रजी लेखनासाठी घडलेली आहेत. तुम्ही इंग्रजीतही लिहीत असाल तर जरूर वापरून बघा. मराठी कादंबरीसाठी मात्र वर्गणी भरू नका. त्यांच्यामागचे लेखनाचे नियमही मराठीला तसेच्या तसे लागू होत नाहीत. 'कर्मणी टाळा, कर्तरी लिहा' हा त्यांचा आवडता सल्ला. आपल्याकडे 'तिने भाकरी केली' हे अगदी घरगुती वाक्यच कर्मणी प्रयोगातलं आहे. ते टाळायचं तर मराठीत भूतकाळातली गोष्ट सांगायची कशी? लांब वाक्यांचंही तसंच. 'येऊन, बसून, पाणी पिऊन मग बोलायला लागला' यात वाक्य लांबलं तरी चाल बिघडत नाही.

म्हणजे मराठी लेखकाच्या हाती खरोखर काय उरतं? वर्ड किंवा लिब्रेऑफिसमधली शुद्धलेखन तपासणी, शोधा-बदला, दोन प्रतींची तुलना, मजकूर वाचून दाखवणारा आवाज आणि हल्लीचे एआय चॅटबॉट. यातलं बरंचसं तुमच्या संगणकात आधीपासून असतं किंवा फुकट मिळतं.

त्यांची परीक्षा अशी घ्या. स्वतःच्या लेखनातली दहा पानं निवडा. निम्मी निवेदनाची, निम्मी संवादाची. मजकुराची भाषा मराठी नेमा, तपासणी सुरू करा आणि कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात लाल रेघ आली आणि शब्द खरोखर चुकलेला होता, असे शब्द. दुसऱ्यात रेघ आली पण शब्द बरोबर होता, असे. तिसऱ्यात चूक होती आणि रेघ आलीच नाही, असे. तिसरा रकाना भरायला शुद्धलेखनाची चांगली जाण असलेला माणूस शेजारी बसवा, कारण साधनाची खरी किंमत याच रकान्यात कळते.

दुसरा रकाना भराभर भरेल. त्याचं कारण समजून घ्या. लिब्रेऑफिसची तपासणी हनस्पेल नावाच्या यंत्रणेवर चालते. तिच्यात एक शब्दांची यादी असते आणि त्या शब्दांना कोणते प्रत्यय लागतात याचे नियम असतात. ती मुळात हंगेरियन भाषेसाठी बनली, आणि त्या भाषेतही प्रत्ययांची आपल्यासारखीच रेलचेल आहे. त्यामुळे यंत्रणा तोकडी नाही. मराठीची यादी आणि नियम जेवढे भरलेले, तेवढंच तिला कळतं. 'घर' कळेल, 'घराला' कळेल, 'घरासमोरच्यांनीसुद्धा' याला बहुधा रेघ येईल. गावांच्या नावांचे हाल तर विचारू नका. विटा हे गाव शब्दकोशात घातलं तरी 'विट्याला', 'विट्याचा', 'विट्याहून' ही रूपं ओळखली जातील याची खात्री नाही, ती वेगळी घालावी लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण कादंबरीच्या सुरुवातीलाच करून टाका. पात्रांची आणि गावांची नावं त्यांच्या सामान्यरूपांसह स्वतःच्या शब्दकोशात भरा. तेवढ्यानेच खोट्या रेघा पुष्कळ कमी होतात आणि खऱ्या चुका नजरेत भरतात.

तिसरा रकाना जास्त धोक्याचा. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. दोन्ही शब्द यादीत असल्यामुळे तपासणी दोन्ही सोडून देते. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा नियम आणि 1972 मध्ये जोडलेले चार, असे अठरा नियम आहेत. ते छापून टेबलाशेजारी लावा. 'वकील' पण 'वकिलाला', 'फूल' पण 'फुलाला', आणि 'शरीर' तत्सम म्हणून 'शरीराला' हे एकदा हाताला वळण पडलं की सॉफ्टवेअरच्या आधी तुमचंच बोट थांबतं.

सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा फायदा मात्र लेखकांना माहीतच नसतो: डोळ्यांना न दिसणारी गडबड शोधणं. आपल्या भागातल्या कथेत 'शेतकऱ्यांनी', 'खोऱ्यात', 'कऱ्हाडला' हे शब्द पानोपानी येतात. त्यातला अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो. एकात 'ऱ' या वेगळ्या अक्षराला हलन्त (पाय मोडायची खूण) दिलेला असतो. दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घातलेलं असतं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना संगणक त्यांना दोन वेगळे शब्द मानतो. लेखकाने काही प्रकरणं मोबाइलवर आणि काही संगणकावर लिहिली की हे हमखास होतं. मग पात्राचं आडनाव सगळीकडे बदललं असं वाटतं आणि पुस्तकात मधूनच जुनं आडनाव डोकावतं. यावरचा उपाय शोधा-बदलामध्येच आहे. पहिल्या प्रकरणातलं 'ऱ्य' कॉपी करून सगळीकडे शोधा. एखादा 'शेतकऱ्या' सापडला नाही, तर त्यातलं 'ऱ्य' उचलून 'शोधा'च्या चौकटीत टाका आणि पहिलं 'बदला'च्या चौकटीत. 'ऱ्ह'साठीही हेच. 'ॲड', 'ॲप'मधला ॲसुद्धा असाच दोन तऱ्हांनी टाइप होतो. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम किंवा उलट ही चूकही फार दिसते. ती मात्र एकेक करून बघा, सगळं एकदम बदलू नका, नाहीतर 'दुःख' आणि 'स्वतः'चीही मोडतोड होते. दुहेरी मोकळ्या जागा, स्वल्पविरामाआधीची जागा, उलटसुलट अवतरणचिन्हं ही कामं बिनधास्त यंत्राला द्या. त्यात माणसाचे डोळे शिणवू नयेत.

आता संवाद. याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ऊसतोडीवरच्या एका कथेत म्हातारी म्हणते, "वाडं बांधून ठिवलंय, जनावराम्होरं टाक." तपासणीत या वाक्याखाली लालच लाल होतं. चॅटबॉटला 'शुद्ध करून दे' म्हटलं की "उसाचा चारा बांधून ठेवला आहे, जनावरांसमोर टाक" असं गुळगुळीत वाक्य येतं. म्हातारी गेली, फड गेला, वाडं हा शब्दही गेला. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला प्रमाणलेखनाचे नियमसुद्धा आडकाठी करत नाहीत, मग सॉफ्टवेअरला तो अधिकार कशाला द्यायचा?

म्हणून संवादांना तपासणीतून बाहेर काढा. वर्डमध्ये 'संवाद' नावाची वेगळी शैली (स्टाइल) तयार करा, तिच्या भाषेच्या मांडणीत शुद्धलेखन तपासू नये असा पर्याय निवडा आणि सगळ्या संवादांना ती शैली लावा. लिब्रेऑफिसमध्ये त्या शैलीची भाषा 'काहीही नाही' अशी ठेवता येते. निवेदन तपासलं जाईल आणि म्हातारीला कुणी हात लावणार नाही. संवादांत एकसारखेपणा हवाच, तो शोधून तपासा. एकच माणूस एका पानावर 'न्हाई' आणि दुसऱ्या पानावर 'नाय' म्हणत असेल, तर ते तुम्ही मुद्दाम केलंय की हात घसरलाय हे पाहा.

चॅटबॉट वापरायचे असतील तर त्यांच्याकडून मजकूर लिहून घेऊ नका, शंका विचारा. 'खालच्या मजकुरात कुठे शब्द गळलाय, कुठे वाक्य अडतंय, कुठे पात्राचं वय किंवा ऋतू आधीच्या प्रकरणाशी जुळत नाही, त्याची फक्त यादी दे, मजकूर बदलू नको' असं स्पष्ट सांगा. अशा यादीतून कामाच्या गोष्टी निघतात. सुगीत सुरू झालेला प्रसंग दोन पानांत पावसाळ्यात पोहोचलेला मी अशा यादीवरून पाहिला आहे. पण यादीतल्या सूचना चुकीच्याही असतात आणि त्या तितक्याच ठामपणे मांडलेल्या असतात. कधी मजकूर बदलून घेतलाच, तर मूळ प्रत आणि नवी प्रत यांची तुलना करा. ही सोय वर्डमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्येही आहे. न विचारता कुठे 'एक' घुसला, कुठे 'च्या माध्यमातून' आलं, कुठे म्हण गाळली गेली, ते सगळं रंगात दिसतं.

आणखी एक. आत्मचरित्रात घरातली भांडणं, आजारपणं, शेजाऱ्यांची नावं असतात. असा मजकूर इंटरनेटवरच्या कुठल्याही सेवेत टाकण्याआधी तिच्या अटी वाचा. मजकूर त्यांच्याकडे राहतो का, पुढे यंत्र शिकवायला वापरला जातो का, ते बंद करायची सोय आहे का? उत्तर सापडलं नाही तर टाकू नका. दुसऱ्याचं लेखन तर त्याला विचारल्याशिवाय टाकूच नये.

वाचून दाखवणाऱ्या आवाजाचा फायदा मात्र लगेच कळतो. एज ब्राउझरमध्ये आरोही आणि मनोहर असे मराठी आवाज आहेत. प्रकरण लावा, डोळे मिटून ऐका. दोनदा आलेला शब्द आणि गळलेला 'नाही' वाचताना निसटतात, ऐकताना टोचतात. त्या आवाजाला आपला हेल येत नाही, पण चुका ऐकायला तो पुरतो.

पैशांचा हिशेब थोडक्यात करा. वर्षाची वर्गणी किती, त्यातल्या किती सोयी मराठीला चालतात, आणि त्याच पैशांत चांगल्या मुद्रितशोधकाकडून किती पानं तपासून होतील? एका पुस्तकासाठी वर्गणी सहसा परवडत नाही. सतत लिहिणाऱ्याने आधी फुकट साधनं पूर्ण वापरावीत.

शेवटचं वाचन छापखान्यातून आलेल्या पीडीएफवर करा, वर्डच्या फाइलवर नाही. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा आपल्या लिपीला लागणारा पर्याय लावलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते आणि रफार भलतीकडे जातो. तुमच्या फाइलमध्ये ही चूक नसते, त्यामुळे कोणतीही तपासणी ती दाखवत नाही. पीडीएफमध्ये 'स्थिती', 'मूर्ती', 'शेतकऱ्यांच्या', 'क्लिष्ट' असे शब्द मुद्दाम हुडकून बघा. प्रकरणांची शीर्षकं, अर्पणपत्रिका आणि मलपृष्ठ स्वतंत्रपणे वाचा, कारण तो मजकूर बरेचदा छापखान्यातच नव्याने टाइप झालेला असतो आणि तुमच्या कुठल्याच तपासणीतून गेलेला नसतो.