मे महिन्यात गाडी गरम झाली तेव्हा मी काय केलं

यवतमाळहून दारव्ह्याला निघालो होतो, दुपारचे दोन, ऊन असं की डांबर चिकटत होतं, अन् टेम्परेचरचा काटा एकदम लालवर. लगेच एसी बंद केला, हीटर फुल केला (इंजिनची गरमी तिकडून निघते, आपण उकडतो पण इंजिन वाचते) अन् पयसाच्या झाडाखाली सावलीत गाडी बंद केली. बोनेटमधून वाफ निघतच होती, ती थांबल्यावरच उघडलं. शेतातले एक काका कळशी घेऊन धावत आले, म्हणे टाका पाणी, मी म्हटलं काका थांबा, रेडिएटरमध्ये (इंजिन थंड करणारं पाणी असते तिथं) प्रेशर असते, त्याचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येते. पाऊण तास बसलो. मग फडकं धरून झाकण हळूहळू फिरवलं. पाहिलं तर वरच्या रबरी पाइपाची क्लिप ढिली, खाली कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) हिरवे थेंब. पेचकसनं आवळली, इंजिन चालू ठेवून बोअरचं पाणी थोडं थोडं टाकलं, कारण तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी गेलं तर हेड (इंजिनचा वरचा भाग) तडकू शकते. काट्यावर नजर ठेवत हळूहळू दारव्हा गाठलं, दुसऱ्या दिवशी ते पाणी काढून कूलंट भरलं, बोअरच्या पाण्यानं आत क्षार जमतात.