सिम्युलेशन गेमचं कव्हर: काम अर्ध्यावर असतानाच पकडा

सिम्युलेशन गेम, म्हणजे खऱ्या जगातलं एखादं काम स्क्रीनवर करायला देणारा गेम, बनलाय, नाव ठरलंय, लेयर वापरून चित्र काढता येतं, एवढं मी धरून चालतो. हे सगळं स्टीम या कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातल्या कव्हराबद्दल आहे. तिथे त्याला कॅप्सूल म्हणतात.

सगळ्यात लहान माप आधी उघडा

बहुतेक जण १२३२ बाय ७०६ पिक्सेलचं मुख्य कॅप्सूल आठवडाभर रंगवतात आणि शेवटच्या संध्याकाळी तेच दाबून लहान करतात. कृपा करून असं करू नका. लहान कॅप्सूल स्टीम ४६२ बाय १७४ मध्ये मागतं, पण काही याद्यांमध्ये तेच १२० बाय ४५ एवढं होऊन दिसतं. गिऱ्हाईक तुमचं कव्हर पहिल्यांदा बघतं ते बहुधा अशाच नखाएवढ्या आकारात, शेजारी दहा-वीस गेम असताना. म्हणून मी आधी कागदावर टपाल तिकिटाएवढे वीस चौकोन आखतो आणि जाड पेन्सिलने त्यात फक्त काळं-पांढरं भरतो. त्या आकारात जे कळत नाही ते मोठं करूनही कळणार नसतं.

काय दाखवायचं

खरी अडचण इथेच आहे. बाकी सगळं हाताच्या सवयीने जमतं.

कोल्हापूरकडच्या दोन भावांनी गुऱ्हाळाचं सिम्युलेशन बनवलं होतं. ऊस गाळायचा, काहिलीत म्हणजे मोठ्या पसरट कढईत रस उकळायचा, मळी काढायची, गूळ वाफ्यात म्हणजे निववायच्या उथळ हौदात ओतायचा, ढेपा भरायच्या. माझं पहिलं कव्हर बघून आम्ही तिघेही खूश झालो. मागे उसाचा फड, बाजूला बैलगाडी, चिमणीतून धूर, चुलवाणाचा जाळ, वर मावळतीचं आभाळ. मोठ्या मॉनिटरवर डोळे निवावेत असं चित्र. मग ते लहान केलं तर उरला एक तपकिरी डाग. ओळखीच्या पाचजणांना दाखवलं. तिघांना तो शेतीचा गेम वाटला, एकीला भुताटकीचा, आणि पाचव्याने विचारलं, “काही जळतंय का?”

गूळ करायचा आहे हे एकालाही कळलं नाही. मी ते कव्हर सहा वेळा नव्याने काढलं. प्रत्येक वेळी एखादी वस्तू हलवायचो, रंग उजळायचो, आणि पुन्हा तेच व्हायचं. माझी चूक मांडणीत नव्हतीच. मी जागा दाखवत होतो, आणि सिम्युलेशन घेणारा माणूस काम विकत घेतो. त्याला ट्रक हाकायचाय, भिंत रंगवायचीय, गूळ ओतायचाय. कव्हर बघताक्षणी त्याचे हात शिवशिवले पाहिजेत.

सातव्या वेळी गुऱ्हाळ, फड, बैल, आभाळ सगळं काढून टाकलं. ठेवली फक्त कलंडलेली काहील, तिच्या काठावरून वाफ्यात पडणारा गुळाचा जाड पिवळाधमक ओघ, आणि लांब दांड्याचं फावडं धरलेले दोन हात. अर्धा गूळ काहिलीत, अर्धा वाफ्यात. तेच कव्हर आम्ही लावलं.

तेव्हापासून मी एकच रीत पाळतो. चित्रात तीन गोष्टी: ज्याच्यावर काम चाललंय ती वस्तू, ज्याने चाललंय ते हत्यार, आणि अर्धवट झालेलं काम. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक विसरतात. पूर्ण झालेली ढेप म्हणजे दुकानातला माल, आणि चुलीवर चढलेला कच्चा रस म्हणजे नुसती तयारी. दोन्हींच्या मधली सीमा चित्रात दिसली की बघणारा ती मनात पुढे सरकवतो. सफाईच्या गेममध्ये ही सीमा आयती मिळते, अर्धी फरशी काळी आणि अर्धी लखलखीत. सुतारकामात अर्धी तासलेली फळी घ्या, बांधकामात गिलावा अर्ध्यावर आलेली भिंत.

गाडी चालवण्याच्या गेममध्ये वस्तू आणि हत्यार एकच असतं, म्हणून गाडीलाच मान द्या. २०१२ साली आलेल्या ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ चं कव्हर बघा. ट्रक पुढे आहे, रस्ता आहे, आणि हा गेम कशाचा हे विचारायची वेळच येत नाही. व्यवस्थापनाचा गेम असेल तर मात्र हात-हत्यार शोधत बसू नका. ‘सिटीज: स्कायलाइन्स’ मध्ये शहर वसवणं हेच काम आहे, तेव्हा तिथे शहरच दिसायला हवं. रेल्वे यार्ड किंवा हॉस्पिटल चालवण्याचा गेम असेल तर वरून तिरका दिसणारा त्याचा एकच तुकडा घ्या, तोही कापून बाजूला ठेवल्यासारखा सुटसुटीत.

दोन सल्ले तुमच्या कानावर येतील. “चेहरा टाका, चेहऱ्याने क्लिक वाढतात.” गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये टाका. सिम्युलेशनमध्ये हसरा कामगार अर्धी जागा खातो आणि काम त्याच्या पाठीमागे जातं. दुसरा: “गेममध्ये जे जे आहे ते सगळं दिसू दे.” याला ठाम नाही म्हणा. बैल, ट्रॅक्टर, दुकान, पैसे हे दाखवायला पानावर स्क्रीनशॉट असतात. आणि गेममधलाच स्क्रीनशॉट घेऊन त्यावर नाव चिकटवू नका. तो कॅमेरा खेळणाऱ्याच्या सोयीसाठी लावलेला असतो, लांबून बघणाऱ्यासाठी नाही.

तपासायची पद्धत: नाव झाका, चित्र मोबाइलवर लहान करून एक सेकंद दाखवा आणि विचारा, “यात काय करायचं असतं?” उत्तरात क्रियापद आलं पाहिजे. “ओतायचं”, “धुवायचं”, “चालवायचं”. “गाव आहे”, “छान आहे” असं उत्तर आलं तर कागदाकडे परत जा. “आवडलं का?” हे विचारूच नका, माणसं भिडेखातर हो म्हणतात.

नाव

सिम्युलेशनच्या नावात ‘सिम्युलेटर’ हा लांब शब्द बऱ्याचदा असतो. रोमन लिपीत तो नऊ अक्षरांचा. १२० पिक्सेलच्या रुंदीत पूर्ण नाव एका ओळीत बसवलं तर अक्षराला सहा-सात पिक्सेल मिळतात, म्हणजे वाचायला काहीच उरत नाही. दोन ओळी करा, कामाचा शब्द मोठा आणि ‘सिम्युलेटर’ त्याखाली बारीक पट्टीत. ती पट्टी लहान आकारात पुसट झाली तरी चालेल, वरचा शब्द पुसट होता कामा नये. लहान कॅप्सूलमध्ये नावाने जवळजवळ सगळी जागा घेतली पाहिजे. चित्राचा तिथे एखादा तुकडाच राहतो, आमच्याकडे फक्त गुळाचा ओघ राहिला.

नाव देवनागरीत असेल तर आणखी जपा. ‘गुऱ्हाळ’ या शब्दात खाली उकार आहे आणि मध्ये ऱ्ह आहे. मात्रा-उकारांना जागा दिली की अक्षराच्या मूळ अंगाला निम्मीच उंची उरते. तयार फॉन्ट इथे पुरत नाही. शिरोरेघ जाड करा, उकार आखूड करून अक्षराला बिलगवा, आणि ऱ्ह मधली पोकळी हाताने मोठी करा, नाहीतर तिथे काळा ठिपका होतो. मी हे प्रत्येक वेळी कागदावर काढून मगच स्कॅन करतो.

रंग

स्टीमचं पान गडद निळं आहे. कव्हराच्या कडा गडद निळ्या ठेवल्या तर चित्र पानात विरघळतं. एक उजळ रंग पुरे, आणि तो कामाच्या जागी.

मापं

हेडर, म्हणजे गेमच्या पानावर वर दिसणारं चित्र, ९२० बाय ४३०, उभं कॅप्सूल ७४८ बाय ८९६, लायब्ररीचं, म्हणजे विकत घेतलेल्या गेमच्या यादीतलं, ६०० बाय ९००. एकच चित्र कापून सगळीकडे बसत नाही. वस्तू, हात, पार्श्वभूमी आणि नाव वेगळ्या लेयरवर ठेवा आणि प्रत्येक मापाला नव्याने मांडा. लायब्ररीत गेमच्या पानावर वर पसरणाऱ्या ३८४० बाय १२४० च्या रुंद चित्रावर, म्हणजे लायब्ररी हिरोवर, अक्षर नको, नावाची फाइल वेगळी द्यायची असते.

काय लिहायचं नाही

१ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमचा नियम आहे: कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपनाव एवढंच. परीक्षणातले गुण, पुरस्कारांची चिन्हं, सवलतीचे आकडे चालत नाहीत. मोठ्या अपडेटची माहिती द्यायची तर त्यासाठी वेगळं तात्पुरतं चित्र लावता येतं, जास्तीत जास्त एक महिना. खऱ्या कंपनीचं चिन्ह ट्रॅक्टरवर काढायचं तर परवाना हवा.

चढवण्याआधी

स्टीमच्या शोधयादीचा स्क्रीनशॉट घ्या, तुमच्याच प्रकारच्या गेममध्ये तुमचं लहान कॅप्सूल चिकटवा आणि खुर्ची मागे सरकवून हातभर लांबून बघा. मग तुमचा गेम ज्याच्या विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, असेल त्याला ते कसं दिसेल तेही बघा. विशलिस्टची छोटी पट्टी डाव्या वरच्या कोपऱ्यात चढते. गुऱ्हाळाच्या कव्हरावर ती बरोबर पहिल्या अक्षराच्या डोक्यावर आली होती. अख्खं नाव चौदा पिक्सेल उजवीकडे आणि थोडं खाली सरकवलं, आणि मगच फाइल चढवली.