बाईकला घरी बनवलेली बॅशप्लेट (इंजिनखालची संरक्षक प्लेट) लावताय?
तोरणमाळकडच्या कच्च्या रस्त्यांसाठी मित्राच्या वर्कशॉपात बॅशप्लेट बनवत असाल तर ४ एमएमचा ॲल्युमिनियम पत्रा पुरतो, पण ऑइलच्या ड्रेन बोल्टखाली भोक आधीच पाडून घ्या, नाहीतर दर ऑइल चेंजला आख्खी प्लेट खोलत बसाल. फोर्क (पुढचे शॉकअप) पूर्ण दाबून बघा पुढचं टायर प्लेटला घासत नाही ना, आणि आपली काळी माती पावसात टायरला कशी चिकटते माहितीये, म्हणून गॅप जास्तच ठेवा. लोखंडी ब्रॅकेट गाडीवर वेल्ड करू नका राव, काढून टेबलावर करा. नाईलाजच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर अन् ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढा, वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा. नट नायलॉकचेच (आत नायलॉनची रिंग असलेले) घ्या, साधे खडीवर सुटतात.