ज्येष्ठांचा संगीत-व्यायाम: या चुका टाळा

जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी ज्येष्ठांचा वर्ग घेतो. सकाळी साडेसहाला, खुर्च्या, एक ढोलकी आणि वीस-बावीस माणसं. नवा वर्ग काढणारं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, गाणी कुठली लावता?" अहो, गाण्याचं नंतर बघू. ते थांबवणार कोण, हे आधी सांगा.

स्पीकरवर गाणं सोडून द्यायचं आणि माणसांना त्याच्यामागे पळवायचं, ही सगळ्यात वाईट चूक. माझ्याच हातून झाली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. एका एकादशीला हौसेनं भजनाचं रेकॉर्डिंग लावलं, ढोलकी घरीच ठेवली. खुर्चीतून उठायचं-बसायचं चाललं होतं. ठेका आठ मात्रांचा, चारांत उठायचं, चारांत बसायचं. मिनिटाला ८० मात्रांची लय, म्हणजे एका उठबशीला सहा सेकंद. झकास चाललं होतं. पण भजन गजरावर आलं की लय दुप्पट होते, हे जन्मभर भजनं ऐकूनही त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. सहाचे तीन सेकंद झाले.

वर्गात एक मावशी येतात. हयात पूर्व भागात विड्या वळण्यात गेली, आता लेकीकडे राहतात. वय ७४, बीपीची गोळी चालू. टाळ वाढले तशा मावशीही वाढल्या. नवव्या की दहाव्या वेळेला उभ्या राहिल्या आणि चेहरा पांढराफटक. बसायला गेल्या तर खुर्ची मागे सरकलेली. फरशीवरच बसल्या. खुबा वाचला, मनगट मात्र महिनाभर सुजलेलं होतं. पाणी देताना विचारलं, मावशी, थांबला का नाहीत? तर म्हणाल्या, "सर, गाणं थांबंना, मी कशी थांबू?"

झटकन उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. तरुण शरीर ते लगेच सावरतं, म्हातारं शरीर वेळ घेतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी तो वेळ आणखी लांबतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं उतरत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं. वर्गापुरती माझी सवय सांगतो: उठल्यावर खुर्ची धरून एक अख्खं आवर्तन, म्हणजे ठेक्याचा एक पूर्ण फेरा, नुसतं उभं राहायचं. आणि वाजवणाऱ्यानं ढोलकीकडे बघायचं नाही. सगळ्यात सावकाश उठणारा कोण ते हेरायचं आणि त्याच्या गुडघ्यांवर ठेका धरायचा. ढोलकी येत नसेल तर टाळ्या वाजवा, स्टीलचा डबा वाजवा. रेकॉर्डिंगच हवं असेल तर आदल्या दिवशी शेवटपर्यंत ऐका आणि वर्गात बोट बटणावर ठेवा.

खुर्चीचं थोडक्यात. मांडवातली प्लॅस्टिकची खुर्ची नको, गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकतात. चार पायांची, जड, भिंतीला टेकलेली हवी. पायमोजे घालून कुणी आलं तर मी आत घेत नाही.

मानेचे गोल गोल चक्कर बंद. डावी-उजवी, खाली-वर, बास.

इन्सुलिन टोचून उपाशीपोटी येणारे महाभाग दर महिन्याला एक तरी निघतात. माझ्या पिशवीत ग्लुकोजची पुडी असते ती त्यांच्यासाठी.

फक्त रविवारी उगवणाऱ्यांनी तोल सुधारत नाही म्हणून तक्रार करू नये. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढे तोलाचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करा म्हणते.

दुसरी चूक तितकी दिसत नाही, पण मला तिचाच जास्त राग येतो. तीच गाणी, तेच हातवारे, तोच क्रम, वर्षभर. हात आपोआप हलतात आणि डोकं घरी भाजी निवडत असतं. जिनिव्हात ६५ वर्षांवरच्या १३४ जणांवर एक अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला एक तास, सहा महिने, पियानोच्या तालावर चालायचं. वाजवणारा ऐनवेळी लय बदलायचा, तशी यांनी चाल बदलायची. त्यांचं पडणं कमी झालं. म्हणजे लय बदलायला माझी ना नाही. पण बदलणाऱ्यानं माणसं बघून बदलावी, आणि बदलली की डोक्याला काम लागावं.

आमच्याकडे पियानो नाही, पण सोलापूर आहे. मी आकडे तीन भाषांत मोजायला लावतो. पहिलं आवर्तन मराठीत, दुसरं कन्नडमध्ये, ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू, तिसरं तेलुगूत, आणि प्रत्येक समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, टाच वर. ज्याची जी घरची भाषा ती त्याला सोपी, बाकी दोन्हींत बोंब. टाच भलत्याच मात्रेवर उचलली जाते, हशा होतो. चुकू द्या. चुका बंद झाल्या की मी क्रम बदलतो.

या प्रकारात सगळ्यात घाई पुरुषांना. दोन मिनिटांच्या व्हिडिओत गुडघेदुखी पळवणारे बघून आलेले असतात. परवाच एक काका आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सर, आजही बसूनच? आम्ही गड्ड्याच्या जत्रेत लेझीम खेळलेली माणसं." म्हटलं, या पुढं, खुर्चीची पाठ धरा, टाचा वर, आणि तेलुगूत मोजा. ओकटी म्हणाले, टाच वर गेली. रेंडूला टाच वर, पण आकडा तोंडातच अडकला. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ते माझ्याकडे बघत राहिले. मी ढोलकी थांबवली. मागून, भिंतीजवळच्या खुर्चीतून मावशी ओरडल्या, "मूडू!"