मराठवाड्यात बसून इलेक्ट्रिक गिटार बनवायची तर लाकूड कोणतं घ्यायचं

बरीच पोरं विचारायलेत की अल्डर, अ‍ॅश, मेपल असलं परदेशी लाकूड कुठं मिळंल. ते शोधत बसू नका भौ. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीनी १९५० च्या दशकात अ‍ॅशवरून अल्डरवर उडी मारली ती त्यांच्याकडं ते सहज मिळायचं आणि रंगवायला सोपं जायचं म्हणून, त्यात काही जादू नव्हती. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक आणि कॉइल, तारेची थरथर पकडतो, लाकडाची नाही, त्यामुळं आवाजात लाकडाचा वाटा असला तरी पिकअप, त्याची उंची आणि अँपपुढं तो थोडाच. लाकडानं तीनच कामं करायची, वाळलेलं असावं, वाकू नये आणि खांदा मोडू नये.

आपल्याकडं सगळ्यात भारी माल म्हणजे जुनं सागवान. लातूर-धाराशिवकडं माळवदाची घरं पाडतात, गावोगावचे वाडे उतरवतात, त्यातल्या तुळया, खांब, चौकटी वखारीत येतात. हे लाकूड पन्नास-साठ उन्हाळे-पावसाळे खाऊन बसलेलं, आता ते काय हलणार. फक्त आरा मशीनवर न्यायच्या आधी चुंबक फिरवून खिळे काढा, नाहीतर ब्लेड गेलं की मिस्त्री पुन्हा दारात उभं करणार नाही. भुंग्याची बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर तो तुकडा फुकट दिला तरी घेऊ नका. किनवटकडचं नवं सागवानही चांगलंच, पण नवं लाकूड घेतलं तर पावती मागा आणि वाळायला वेळ द्या.

वजनाचा हिशोब किराणा दुकानातल्या काट्यावर होतो. एक फूट बाय एक फूट, एक इंच जाडीचा तुकडा ठेवा. सागवान दीड किलोच्या आसपास भरतं, शिवणीचं लाकूड साधारण एक-सव्वा किलो, शिसव दोन किलोच्या जवळ. बॉडीसाठी सव्वा ते दीड किलोवालं घ्या, शिसवाची अख्खी बॉडी केली तर दोन गाण्यात खांदा बोलायला लागंल. शिवण हलकं, वाळल्यावर फार न हलणारं, बॉडीला एक नंबर, पण मऊ असल्यामुळं नेकला, म्हणजे गिटारच्या दांड्याला, नको. आंब्याचे पट्टे दिसायला झकास असतात पण कीड लवकर लागते, पांढरा भाग टाळा. सागवानच आवडलं आणि वजन जास्त वाटलं तर आतून पोकळ करून वर पातळ फळी चिकटवा, फेंडरच्या १९६८ च्या थिनलाइन टेलिकास्टरमधे असंच केलंय, फक्त मागच्या बाजूनं.

बॉडीची जाडी एक इंच सहा सूत, म्हणजे ४४-४५ मिमी. एवढी रुंद फळी मिळत नाही, दोन-तीन जोडाव्या लागतात, आणि सागवान तेलकट असल्यामुळं फेविकॉल धरत नाही असं लोक म्हणतात, तर रंधा मारल्या मारल्या थिनरनी पुसायचं आणि लगेच चिकटवायचं, दुसऱ्या दिवशीवर ठेवायचं नाही. मास्क लावा, सागवानाच्या भुशानं अंगाला खाज सुटते.

आता नेक, खरं डोकं इथंच लावायचं. रेघा टोकापासून टोकापर्यंत सरळ पाहिजेत, गाठ एकही नको, आणि टोकाकडून बघितलं तर रेघा उभ्या दिसल्या पाहिजेत. एकच तुकडा घेण्यापेक्षा तीन पट्ट्या जोडलेल्या बऱ्या, मधली उलटी फिरवून. आत दोन्हीकडं फिरणारा ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक काढायची सळई, पाहिजेच. फ्रेटबोर्डला, म्हणजे नेकवरच्या बोटं दाबायच्या फळीला, शिसव, जगभर आपलंच शिसव वापरतात, नाहीतर नीट वाळलेली बाभूळ, तिफण-वखर ज्याची होते त्या लाकडाला तारेनं काय होणार.

फ्रेट, म्हणजे त्या फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवायचं काम एप्रिल-मेमधे करा, हे मी सगळ्यांना सांगतो. आपल्याकडं तेव्हा हवा कोरडी ठणठणीत असते, लाकूड जेवढं आकसायचं तेवढं आकसलेलं असतं. श्रावणात फ्रेट बसवले तर पुढच्या उन्हाळ्यात बोर्ड आत जातो आणि फ्रेटची टोकं काट्यासारखी बोटाला लागतात.

डिझाइनमधे पहिलं ठरवायचं ते स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. फेंडरवालं २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी, तार ताठ, आवाज खणखणीत, गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं २४.७५ इंच, बेंड मारायला, म्हणजे तार बोटानं ओढायला, मऊ. फ्रेटचं गणित सोपंय, स्केलला १७.८१७ नी भागा, ६४८ ला पहिला फ्रेट ३६.४ मिमीवर, मग उरलेल्या लांबीला पुन्हा त्यानंच भागत जा, बारावा बरोबर ३२४ वर आला पाहिजे. आला नाही तर करवत उचलू नका.

पहिली गिटार असेल तर बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूनं बसवायची, नेक आणि साधा न हलणारा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग. गिब्सनच्या लेस पॉल गिटारसारखा उंच ब्रिज घेतला की नेक मागं तीन-चार अंश झुकवावी लागते आणि पहिल्याच वेळी ते जमवणं लई अवघड. नेकचा खड्डा १६ मिमी खोल, आणि इतका टाइट की स्क्रू न लावता नेकला धरून गिटार उचलली तरी सुटली नाही पाहिजे. हेडस्टॉक, म्हणजे नेकचं तार आवळायच्या खुंट्यांचं (ट्यूनरचं) टोक, सपाट ठेवा, मागं झुकलेला नेकला मिळतो तिथं तुटतो.

ब्रिज, ट्यूनर, पिकअप, ट्रस रॉड सगळं हातात आल्याशिवाय एकही भोक पाडू नका, वेबसाइटवरचं माप आणि डब्यातलं माप कधीकधी वेगळं निघतं. पिकअपच्या खड्ड्यात तांब्याची पट्टी चिकटवून ग्राउंडला जोडा, आणि घरात अर्थिंगचा पत्ता नसंल तर सिंगल कॉइल पिकअपच्या नादी न लागता हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारा दोन कॉइलचा पिकअप, घ्या.